शेगडीवरचे ओरखडे

इंदूरचा बडा गणपती आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सुमारे 25 फूट उंचीच्या त्या मूर्तीच्या दर्शनाला परगावचे लोक मुद्दाम येतात. त्याच परिसरात माझे बिऱ्हाड आहे. मूर्तीवर वेळोवेळी शेंदुराचा नवा लेप चढतो आणि जुना त्याखाली झाकून जातो. स्वयंपाकघरातील स्टीलला ही सोय नाही. त्यावरचा ओरखडा झाकता येत नाही, आणि खरे पाहता पुसताही येत नाही. मग त्याचे करावे काय, एवढाच आजचा विषय.

तो सुचला एका तंट्यावरून. शेजारच्या वहिनींनी स्टेनलेस स्टीलची नवी गॅसची शेगडी घेतली. पंधरा दिवसांत तिच्यावर पांढरट चरे उमटले आणि ठपका आला भांडी घासणाऱ्या बाईंवर. पगारातून पैसे कापण्यापर्यंत गोष्ट गेली. मी पडलो शाळामास्तर. निवाड्याला मला बोलावणे आले. बाईंना मी घासणी दाखवावयास सांगितले. ती लोखंडी तारेची निघाली, आणि आणून दिलेली खुद्द वहिनींनीच! शेजारी वाटीत बारीक वाळू होती. तीही घरचीच, पितळी भांड्यांसाठी ठेवलेली. लहानपणी नाताळापूर्वी चर्चमधील पितळी शमादाने चिंच आणि मीठ लावून मीही घासली आहेत. पितळेचा काट त्याने निघतो. परंतु पितळेचा न्याय स्टीलला लावून चालत नाही.

स्टेनलेस स्टीलमध्ये निदान 10.5 टक्के क्रोमियम असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो आणि तोच गंज अडवतो. पापुद्रा खरवडला तरी हवेत पुन्हा धरतो. पण वाळूतील गारगोटी स्टीलहून कठीण, म्हणून ती चरे पाडते. आणि तारेच्या घासणीचे लोखंडी कण मागे राहून गंजतात. आपण म्हणतो, स्टील गंजले!

ओरखडा म्हणजे खाच. ती भरून येत नाही; भोवतालचा धातू खाचेच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. म्हणूनच नखाला अडकणाऱ्या खोल चराच्या नादी लागू नये. इतरांसाठी बाजारात वॉटर पेपर मिळतो. त्याचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. आरंभ 800 सारख्या बारीक कागदाने, मागच्या कोपऱ्यात करून पाहावा. चरा हलत नसेल तरच 600 किंवा 400 कडे यावे. गॅस रेग्युलेटरवर बंद असावा आणि शेगडी पुरती थंड. कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून, पाण्यात भिजवून, स्टीलवर कारखान्यातच ज्या बारीक रेघा आखलेल्या असतात त्यांच्याच दिशेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावा. गोल गोल मुळीच घासू नये. मूळ रेघा मोडल्या की तिथे चंद्रासारखा डाग दिसतो. एवढ्याशा जागेवर जोर काढणेही वाईट. मूळ रेघांशी मेळ बसला की थांबावे. त्याहून बारीक कागद घेतला तर तेवढाच तुकडा चकाकतो आणि अधिक डोळ्यांत भरतो. आरशासारखी शेगडी असेल तर मात्र बारीक, आणखी बारीक अशा पायऱ्या चढून शेवटी मऊ कापडावर हिरवे पॉलिश घ्यावे लागते. ते चिकाटीचे काम आहे. माझ्याच्याने एका बैठकीत झालेले नाही.

मुलाम्याच्या बटणांना आणि इनॅमलच्या भागांना कागद लावू नये. तिथे वरचा थर गेला की गेलाच.

त्या रविवारी वहिनी, बाई आणि मी तासभर त्या शेगडीपाशी होतो. बाईंचा हात माझ्याहून सरळ चालत होता, हे कबूल केले पाहिजे. बर्नरजवळचा एक खोल चर तेवढा राहिला. वहिनींनी शेगडी पुसून चहाचे आधण ठेवले. बाईंचा त्या महिन्याचा पगार पुरा मिळाला.