हिशेबाची वही आणि मुलांचा मोबाइल

मैत्रिणींनो, आम्ही पिंपळे सौदागरच्या बचत गटांच्या. आज बोलायचंय मुलांच्या मोबाइलविषयी. मुलं त्यात काय बघतात ते आईवडिलांनी तपासावं का? आणि तपासलं, तर आपल्यावर विश्वासच नाही असं मुलांना वाटणार नाही का?

आमच्या बैठकीत हा विषय नेहमी निघतो. इथल्या कितीतरी घरांत वडील चाकणला नाहीतर भोसरीला शिफ्टमध्ये असतात आणि आई सोसायट्यांमध्ये पोळ्या-भांड्यांच्या कामाला. मूल शाळेतून येतं तेव्हा घरात फोन असतो, माणूस नसतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाइलवर भरली. ओढाताण करून आपण फोन घेतले. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन काही मुलांच्या हातून सुटला नाही.

मग काही जणी काय करतात? मूल झोपलं की गुपचूप फोन उघडून बघतात. काळजीपोटीच बघतात, पण त्यातून हाती फारसं काही लागत नाही. काय काय पाहिलं त्याची यादी फोनमध्ये राहते खरी, पण ती पुसता येते. ‘इनकॉग्निटो’ नावाची खिडकी उघडून पाहिलं, तर यादी उरतच नाही. मुलं हे एकमेकांकडून शिकतात. आणि आई चोरून बघते हे कळलं, की मूल आणखी लपवायला लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे सरसकट बंदी. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं २०२२ साली ग्रामसभेत तसा ठराव केला, की १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं वेगळी वाट धरली. तिथं १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला, की ८.३० पर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा. आशाताई, अंगणवाडीताई घरोघर समजावून सांगायला गेल्या.

वडगावची गोष्ट आम्हाला जास्त पटते. तिथं नियम सगळ्यांसमोर ठरला आणि तो मोठ्यांनाही लागू झाला. आई मालिका बघतेय, बाबा रील्स बघतायत आणि मुलाला म्हणायचं ‘फोन ठेव’, हे मूल कसं ऐकेल? आमच्याकडे शिफ्टच्या वेळा वेगवेगळ्या, एक भोंगा सगळ्यांना चालणार नाही. पण प्रत्येक घराला आपला एक तास ठरवता येईल.

आता विश्वासाचं बघू. आपल्या गटाची हिशेबाची वही दर बैठकीत सगळ्यांसमोर उघडते ना? म्हणून कुणी खजिनदारताईंवर अविश्वास दाखवला असं होतं का? उलट वही उघडी असते म्हणून विश्वास टिकतो. तीच वही कुणी त्यांच्या मागे चोरून चाळली, तर मात्र त्यांना लागेल. मुलांचंही तसंच आहे. फोन बघायचा तर त्याला आधी सांगून, त्याच्या शेजारी बसून बघावा. ‘रविवारी आपण दोघं मिळून बघणार’ असं ठरवून टाकावं. इंग्रजी वाचता येत नसेल, तर मुलालाच विचारावं, ‘हे काय आहे, मला शिकव.’ गूगलचं फॅमिली लिंक नावाचं फुकट ॲप आहे. त्यात फोन किती वेळ चालावा, रात्री कधी बंद व्हावा हे ठरवता येतं. तेही मुलाला सांगूनच लावावं.

गटात पहिलं कर्ज लहान असतं. परतफेड नीट झाली, की पुढचं मोठं मिळतं. मोकळीकही तशीच वाढवत न्यावी. दहा वर्षांच्या मुलासोबत बसून बघावं. सोळा वर्षांच्या मुलीचे मैत्रिणींशी झालेले सगळे मेसेज वाचायची गरज नाही. तिच्याशी बोलणं चालू राहिलं पाहिजे.

कारण खरा धोका आला, तर तो आपल्याला मूलच सांगणार आहे. कुणी अनोळखी माणूस मुलीकडे फोटो मागतो, मग तो फोटो पसरवीन म्हणून धमकावतो. मुलगी गप्प राहते. का? आई मारेल, फोन काढून घेईल, शाळा बंद करेल, ही भीती. धमकावणाऱ्याला हीच भीती हवी असते. म्हणून मुलांना आजच सांगून ठेवा, ‘काहीही झालं तरी आधी मला सांग. मी तुझ्यावर ओरडणार नाही, शाळा बंद करणार नाही.’ आणि दिलेला शब्द पाळा.

असं काही घडलंच, तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका. तो पुरावा असतो. मुलांसाठी १०९८ हा फुकट नंबर आहे. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा. पोलीस ठाण्यात एकटीनं जायला संकोच वाटला, तर गटातल्या दोघींना सोबत घ्या.

हे दोन्ही नंबर पुढच्या बैठकीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि आपापल्या घरचा तास कोणता ते एकमेकींना सांगा.