पहिला स्वर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



लहानपणी पाटीवर गिरवलेला ‘अ’ ह्या वयात पुन्हा कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण त्याच्यापायी माझ्या हातून एक चूक झाली, ती आज कबूल करायची आहे.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या बंगाली बाई आल्या होत्या. रांगोळीतल्या कमळाला त्या ‘कॉमोल’ म्हणाल्या आणि आपण साऱ्याजणी हसलो. सर्वांत मोठ्याने मी हसले. त्यानंतर त्या मंडळात आल्याच नाहीत. माझे मन मला खाऊ लागले, तेव्हा मी पुस्तके काढून बसले.

आता सर्वांनी ‘अ’ म्हणून पाहा बरे. जीभ उंच उचलली जात नाही की खाली दबत नाही. तोंडाच्या मध्यभागी स्वस्थ राहते. ओठ गोल होत नाहीत, जबडा किंचितच उघडतो. गळ्यातल्या स्वरतंतूंचा कंप तेवढा चालू असतो. ‘आ’ म्हटले की मात्र जबडा खाली येतो. हा भेद पाणिनीनेही जाणला होता. नियमांच्या सोयीसाठी त्याने ‘अ’ला ‘आ’सारखा विवृत, म्हणजे उघडा मानले आणि अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात त्याला पुन्हा संवृत, म्हणजे मिटता करून ठेवले.

इंग्रजीत ह्या स्वराला स्वतःचे अक्षर नाही. ‘अबाउट’मध्ये तो ‘ए’च्या आड, ‘टेकन’मध्ये ‘ई’च्या आड, तर ‘लेमन’मध्ये ‘ओ’च्या आड लपतो. तरी इंग्रजी बोलण्यात सर्वांत अधिक येणारा स्वर हाच. भाषाशास्त्रात त्याला ‘श्वा’ म्हणतात. हे नाव हिब्रूतून आले आहे.

आणि आपण मराठी माणसे काय करतो? लिहितो ‘घर’, म्हणतो ‘घर्’. लिहितो ‘बसतो’, म्हणतो ‘बस्तो’. अक्षरातला ‘अ’ आपण खुशाल गिळतो! बंगालीतही लिहितात ‘कमल’च. पण तिथे ओठ गोल होतात, जीभ मागे सरते आणि ‘अ’चा कुठे ‘ऑ’, कुठे ‘ओ’ होतो. शेवटचा ‘अ’ तर त्याही आपल्यासारखाच गिळतात. मग कोणी कोणाला हसायचे?

मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा केला आणि मला ‘कॉमोल’ म्हणायला शिकवले. चार वेळा म्हणूनही मला ते नीट जमेना. त्या मात्र हसल्या नाहीत.

आज त्या आपल्यात बसल्या आहेत. त्यांचे पुन्हा एकदा स्वागत करून मी आपली रजा घेते.