हृदयाचा स्वतःचा वाटा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात झालेले भाषण)



हृदय व रक्तवाहिन्या यांविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या माणसाला अशा वेळी नाही म्हणता येत नाही. हृदयाविषयी कवी आणि कीर्तनकार पुष्कळ सांगतात. मी मात्र एका मुठीएवढ्या स्नायूविषयी बोलणार आहे.

आपल्या बडोद्यात आजव्याच्या सरोवराचे पाणी नळांवाटे घरी येते आणि वापरून झाले की मोरीवाटे निघून जाते. ते सरोवरात परतत नाही. रक्ताचेही तसेच असते, अशी युरोपातील वैद्यांची सुमारे चौदाशे वर्षे समजूत होती. गेलनच्या मते रक्त यकृतात तयार होई आणि पाटाच्या पाण्यासारखे शरीरात मुरून जाई. इ. स. १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने हे मत खोडून काढले. त्याचा एक मोठा आधार होता साधा हिशेब. तो आजच्या आकड्यांनी मांडून पाहू. हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ते पाच लिटर होते, म्हणजे तासाला ३०० लिटर. शरीरात एकूण रक्तच मुळी पाच लिटरच्या आसपास! तासाला ३०० लिटर नवे रक्त कोणते यकृत करणार? तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे. रोहिण्यांतून ते नीलांत कसे जाते, हे मात्र हार्वेला दिसले नाही. त्याच्या निधनानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले.

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. उजवी बाजू शरीराकडून आलेले रक्त फुप्फुसांकडे धाडते. तेथे प्राणवायू घेऊन आलेले रक्त डावी बाजू महारोहिणीवाटे सर्वांगाला पोचवते. डावीचे काम जड, म्हणून तिच्या जवनिकेची भिंतही सर्वांत जाड. चार झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. त्या मिटताना होणारा आवाज आम्ही नळी लावून ऐकतो.

आता मुख्य गोष्ट. दिवसाला सुमारे सात हजार लिटर रक्त ज्याच्या पोटातून जाते, त्या हृदयाला त्या रक्ताने स्वतःची तहान भागवता येत नाही. आतले रक्त जाड भिंतीत झिरपून पुरत नाही. महारोहिणीच्या उगमापाशीच फुटणाऱ्या, तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या दोन रोहिण्या त्याला रक्त देतात. पंप केलेल्या रक्ताच्या वीस भागांपैकी साधारण एक भाग एवढाच त्याचा वाटा. डाव्या जवनिकेला तर तोही मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतो, कारण आकुंचन पावताना स्नायू आपल्याच वाहिन्या आवळतो.

यातली एक वाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली, की अर्ध्या तासाच्या सुमारास स्नायू मरू लागतो. पुढे तासागणिक हानी वाढते. मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही.

माझ्या वडीलबंधूंना एका लग्नाच्या रात्री एक वाजता छातीत दडपल्यासारखे झाले. वात धरला असेल म्हणून त्यांनी ओवा खाल्ला, सोडा घेतला आणि आरामखुर्चीत बसून राहिले. घर पाहुण्यांनी भरलेले. दमलेल्या मंडळींना कशाला उठवा, हा त्यांचा विचार. शेजारच्याच खोलीत मी, डॉक्टर, झोपलो होतो! पहाटे वहिनींनी हाक मारली तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. दादा वाचले, पण पुढची सहा वर्षे त्यांना घराचा जिना एका दमात चढता आला नाही. त्या चार तासांचा हिशेब मी अजून मनातून पुसू शकलेलो नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. छातीच्या मध्यावर दडपण आले, कळ हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे गेली, घाम फुटला, तर ओवा-सोड्यात वेळ घालवू नका. स्त्रियांत आणि मधुमेही माणसांत कधी छातीत दुखतच नाही; नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. अशा वेळी चालू नका, स्वतः गाडी हाकू नका. १०८ क्रमांक फिरवा. गुठळी विरघळवणारे औषध आहे, अँजिओप्लास्टी आहे. पण दोन्हींचा गुण वेळेवर अवलंबून. तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर तपासणे, रोज चालणे हे तर आपण जाणताच.

पन्नास वर्षे या संस्थेने अडल्यानडल्याला हात दिला. देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी मागणे जड जाते, हे मी घरात पाहिले आहे. हृदयसुद्धा सर्वांना पुरवते, पण आपला वाटा घेतल्याशिवाय एक दिवस चालत नाही. तेव्हा रात्री दोन वाजता दुखले तर दोन वाजताच हाक मारा. झोपमोड झाली म्हणून कोणी रागावणार नाही.