खाडा

(मुरबाड येथील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आज रजेवर बोलणार आहे. हसू नका. अत्याचार, राखीव जागा, जमिनी सोडून हा रजेवर काय बोलतो, असं काहींना वाटेल. पण रजा कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, एवढंच कागदावर मांडून बघा. जातीचा अख्खा नकाशा समोर उभा राहील.

सरकारी नोकराला रजा असते. मजुराला रजा नसते, त्याला खाडा असतो. रजेचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. ताप दोघांनाही सारखाच. फरक वहीचा.

ती वही मी लिहिली आहे.

मी आठवीत होतो. माझा मामा शहापूरकडच्या एका वीटभट्टीवर मुकादम होता. माझं अक्षर बरं, म्हणून रात्री हजेरी मी लिहायचो. दिवाळी सरली की कातकऱ्यांची कुटुंबं भट्टीवर यायची, पावसाच्या तोंडाला परत जायची. बयाणा आधीच अंगावर घेतलेला. आठवड्याला खर्ची, बाकीचा हिशेब हजार विटांमागं. आणि हिशेब जोडीचा. नवरा-बायकोनं मिळून चिखल मळायचा, विटा थापायच्या. पोरांनी वाळत्या विटा उलटायच्या. वहीत नाव मात्र एकट्या नवऱ्याचं.

एक बाई तिथंच झोपडीत बाळंत झाली. मामा म्हणाला, "लिव खाडा." मी लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिला. तेराव्या दिवशी ती चिखलात उतरली. नवऱ्याच्या नावापुढं बारा खाडे. हंगाम संपताना ते बयाण्यात मिळवले गेले आणि ते कुटुंब पुढच्या दिवाळीसाठी बांधलं गेलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. आमच्या वहीला तो ठाऊक नव्हता.

मालक आपल्यातला नव्हता, खरं आहे. पण पेन माझ्या हातात होतं. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. ही गोष्ट मी आज लपवत नाही, कारण कातकऱ्याच्या खाड्याशी आपला संबंध नाही असं म्हणणारे अजून आपल्यातच आहेत.

बाबासाहेब काय म्हणाले होते? २८ जुलै १९२८. मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी-कारखान्यांतल्या बायांच्या प्रसूती भत्त्याचं बिल आलं होतं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे. मालक नफ्यासाठी बाईला कामाला लावतो, म्हणून तोही सुटत नाही. पण मोठा भार सरकारनं उचलावा, कारण लोकांचं कल्याण हे सरकारचं काम. १९२९ साली कायदा झाला. देशातला तसा पहिला. पुढं घटनेच्या ४२ व्या कलमात प्रसूती साहाय्य आलं, १९६१ ला देशभराचा कायदा आला, २०१७ ला रजा १२ आठवड्यांची २६ झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं.

जवळजवळ शंभर वर्षं. आणि ती बाई अजून चिखलात.

का? संहिता म्हणते, आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम केल्याचं दाखवा. भट्टीचा हंगाम त्याहून कितीतरी लांब. पण दाखवणार कसं? वहीत बाईचं नावच नाही! जी कामावर होती याचा कागद नाही, तिला रजा कसली?

सरकार म्हणतं, योजना आहे. आहे ना. मातृवंदना योजनेत पहिल्या मुलाला ५००० रुपये. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. भागाकार करा. दिवसाला २७ रुपये पडतात.

आदिवासी भागातल्या नवसंजीवनी योजनेत मात्र एक शब्द आहे, 'बुडीत मजुरी'. कुपोषित पोर दवाखान्यात ठेवलं, तर सोबत राहणाऱ्या आईबापाला बुडालेल्या मजुरीचे पैसे. म्हणजे सरकारला कळतं. आजारपणात मजुरी बुडते आणि ती भरून द्यावी लागते, हे सरकारनंच लिहून ठेवलंय. मग ते पोर मरायला टेकल्यावरच का?

आणि शहरातल्या मित्रांनो, तुम्ही तरी काय मोठे रजेवाले? भिवंडीच्या गोडाऊनात ठेकेदाराकडं, नाहीतर मोबाईलवर ऑर्डर घेऊन मोटारसायकल पळवणारे. आईला डायलिसिसला नेलं तर त्या दिवसाची कमाई शून्य. मुकादमाची वही मोबाईलमध्ये गेली, एवढाच फरक. केंद्र सरकारच्या नोकराला बायकोच्या बाळंतपणात १५ दिवसांची भरपगारी रजा आहे. तुमची बायको बाळंत होत नाही काय?

म्हणून मागणी. महाराष्ट्रानं भरपगारी आजारपण, बाळंतपण आणि घरच्यांच्या शुश्रूषेच्या रजेचा कायदा करावा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, विधानसभेला अडचण नाही. नमुनाही घरचाच आहे, १९६९ चा माथाडी कायदा. मालक अनेक, काम रोजचं, तरी मंडळ उभं राहिलं, मालकांकडून लेव्ही घेतली, हमालाला हक्क मिळाले. तसंच हजार विटांमागं लेव्ही बसवा, ऑर्डरमागं बसवा, उरलेला भार सरकारनं उचलावा. पैसे मंडळातून थेट बाईच्या खात्यात. मुकादमाच्या हातून नाही.

मुंबईचं पाणी शहापूरच्या तानसा-भातसाचं. घरांच्या विटा इकडच्या भट्ट्यांच्या. मुंबई हिशेब देणं लागते.

कायदा येईल तेव्हा येईल. पण ८० दिवसांचा पुरावा आत्तापासून लागेल. या दिवाळीनंतर दर रविवारी भट्ट्यांवर जायचं. वही घ्यायची. प्रत्येक बाईचं नाव, तिचं, नवऱ्याचं नाही, आणि तिनं केलेल्या कामाचा दिवस अन् दिवस लिहायचा. मालक हाकलेल. मुकादम अंगावर येईल, तो आपलाच मामा असेल. तरी लिहायचं.

पहिली वही मी घेतोय. कोण येतंय, हात वर करा.

जयभीम!