न बोलावता बोलणारा फोन : लक्षणं, कारणं आणि बंदोबस्त

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



आज मी तुमच्याशी पिकावरच्या रोगाविषयी बोलणार नाही, तर खिशातल्या फोनविषयी बोलणार आहे. बाजारभाव, हवामान, पीक विम्याचा अर्ज, बँकेचे पैसे, सगळं आता त्या फोनवर आलेलं आहे. असा हा कामाचा फोन कधी कधी आपल्या हुकमात राहत नाही. खिशात असताना आपोआप कुणाला तरी लागतो. आपण बैलाला हाक मारावी आणि ओ फोननं द्यावी, असं होतं. एखाद्या दिवशी तर बोट लावेल तिथला मजकूर तो मोठ्यानं वाचायला लागतो आणि आलेला फोन उचलताही येत नाही. मग माणूस घाबरतो. फोन बिघडला, कुणी करणी केली, नाहीतर चोरांनी ताबा घेतला, असं वाटतं.

बहुतेक वेळा यातलं काही झालेलं नसतं. फोनमध्ये आवाजावर चालणारी सोय असते, ती नकळत चालू झालेली असते. ती बंद करायला पैसे लागत नाहीत. मात्र पिकाचं जसं असतं तसंच इथं आहे. आधी लक्षण ओळखायचं, मग कारण शोधायचं आणि नंतरच उपाय करायचा. मावा कुठला आणि करपा कुठला हे न बघता फवारा मारला तर औषध वाया जातं.

हे दुर्लक्ष करण्यासारखं का नाही?

फोन आपोआप लागला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर, बोअरवर मोबाईलवर चालणारा स्टार्टर आहे. त्यात सिमकार्ड असतं. नोंदवलेल्या नंबरावरून फोन गेला की मोटर चालू होते. आता समजा, मोटर उपसून दुरुस्तीला घेतली आहे, किंवा कुणी पाइप जोडायला विहिरीत उतरलं आहे, आणि बांधावर ठेवलेल्या फोननं आपणहून त्या स्टार्टरला फोन लावला, तर काय होईल? विचार करा. विहिरीत पाणी नसताना मोटर चालली तर मोटर जळते, तो खर्च वेगळाच. पण माणसाच्या हाताला किंवा जिवाला धोका झाला तर तो भरून निघत नाही.

म्हणून पहिला नियम आधीच सांगून ठेवतो. मोटरीला, वायरला किंवा स्टार्टरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडा, फ्यूज काढा आणि ते फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवा. "फोनवरून मोटर बंद केली आहे" एवढ्यावर कधीही विसंबू नका. फोनचा बंदोबस्त करायचाच, पण जिवाची राखण मेन स्विचनंच करायची.

रोग ओळखा : तीन लक्षणं

पहिलं लक्षण. मधूनच पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टी उमटते आणि "मी काय मदत करू?" अशा अर्थाचं फोन विचारतो. हा झाला आवाजी मदतनीस. अँड्रॉइड फोनांत त्याचं नाव गुगल असिस्टंट किंवा जेमिनाय असतं. सॅमसंगच्या फोनांत बिक्सबीही असतो आणि आयफोनमध्ये सिरी. गुगलचा मदतनीस २०१६ साली आला आणि २०१८ पासून त्याला मराठीही समजू लागली.

दुसरं लक्षण. फोन काही विचारत नाही, पण बोट लावलं की त्या जागी चौकट उमटते आणि तिथं काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचलं जातं. एका बोटानं यादी वरखाली सरकत नाही. ही टॉकबॅक नावाची सोय आहे. दृष्टी नसलेल्या किंवा अधू असलेल्या माणसांसाठी ती केलेली आहे आणि त्यांना ती फार उपयोगी पडते. ज्याला गरज नाही त्याच्या फोनवर ती चालू झाली, की मात्र त्याची पंचाईत होते.

तिसरं लक्षण. फोनला इअरफोन लावलेला नसतो, तरी पडद्यावर इअरफोनचं चिन्ह दिसतं, आणि मदतनीस पुन्हा पुन्हा जागा होतो. इथं दोष इअरफोनच्या भोकात असतो.

मदतनीस आपोआप जागा का होतो?

याची कारणं तीन.

एक, हाक. "हे गुगल" किंवा "ओके गुगल" म्हटलं की तो जागा होतो. ही हाक ऐकू यावी म्हणून फोन सतत कान देऊन असतो. हाक ओळखण्याचं काम फोनमध्येच होतं. हाक पटली की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्राकडे जातं आणि तिथून उत्तर येतं. टीव्हीवर, रेडिओवर किंवा चार माणसांच्या बोलण्यात त्या हाकेसारखा आवाज आला, तर फोनची फसगत होते.

दोन, कळ. पुष्कळ नव्या फोनांत चालू-बंद करायची कळ दाबून धरली, की फोन बंद होण्याऐवजी मदतनीस उघडतो. बंडीच्या खिशात फोन असताना खाली वाकलं, कोयता चालवला, मोटरसायकलवर बसलं, की कळ दाबली जाते.

तीन, ओल आणि घाण. इअरफोनच्या वायरवर एक लहान बटण असतं. ते दाबून धरलं की मदतनीस जागा होतो. बटण खराब झालं, किंवा फोनच्या भोकात घाम, पाणी, माती, कापसाची तूस गेली, की बटण दाबल्यासारखाच परिणाम होतो. पावसाळ्यात आणि फवारणीच्या दिवसांत हे जास्त दिसतं.

उपाय पहिला : हाक बंद करणे

आता सावकाश ऐका. निरनिराळ्या फोनांत नावांमध्ये थोडाफार फरक असतो, पण रस्ता साधारण असाच आहे.

गुगल नावाचं ॲप उघडा. वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर गोलात दिसेल, त्यावर बोट लावा. खाली सेटिंग्ज येईल. त्यात गुगल असिस्टंट निवडा. पुढे "हे गुगल" आणि "व्हॉइस मॅच" असं लिहिलेलं दिसेल. ते उघडून "हे गुगल" समोरचं बटण बंद करा. आता नुसत्या हाकेनं फोन जागा होणार नाही.

तिथंच आसपास लॉक स्क्रीनविषयी एक बटण असतं. फोनला कुलूप असतानाही मदतनीसानं उत्तर द्यावं का, असं ते विचारतं. तेही बंद करा. मोबाईल स्टार्टर वापरणाऱ्यांनी तर हे नक्की करावं.

उपाय दुसरा : कळ सुधारणे

फोनच्या सेटिंग्जमध्ये जा. तिथं वर शोधण्याची पट्टी असते. तिच्यात "पॉवर" एवढं लिहा. कळ दाबून धरल्यावर काय व्हावं, हे ठरवायची जागा सापडेल. पुष्कळ फोनांत ती सिस्टीम आणि मग जेश्चर्स यात असते. सॅमसंगमध्ये ती ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये साइड की किंवा साइड बटण या नावानं असते. तिथं मदतनीसाऐवजी पॉवर मेनू निवडा. मग कळ दाबून धरली की पूर्वीसारखं बंद करायचं चित्र येईल.

उपाय तिसरा : मदतनीस मुळापासून काढणे

एवढं करूनही त्रास थांबला नाही, तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डीफॉल्ट ॲप्स, त्यात डिजिटल असिस्टंट ॲप, असं जा. तिथं गुगलचं नाव निवडलेलं असेल. त्याऐवजी "काहीही नाही" किंवा "नन" निवडा. आता कळ दाबा, बटण दाबा, मदतनीस येणार नाही. पुढे हवासा वाटला तर याच वाटेनं परत आणता येतो.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये सिरी उघडा. तिथं हाक ऐकण्याचं, कळ दाबून सिरी बोलावण्याचं आणि कुलूप असताना सिरी चालण्याचं, अशी तीन निरनिराळी बटणं असतात. तिन्ही बंद करा.

उपाय चौथा : टॉकबॅक थांबवणे

फोन वाचून दाखवू लागला, तर घाबरून सगळीकडे बोटं मारू नका. आवाज वाढवायची आणि कमी करायची, अशा दोन्ही कळा एकदम दाबून साधारण ३ सेकंद धरा. बहुतेक फोनांत टॉकबॅक तिथंच थांबतो. गंमत अशी, की पुष्कळदा तो चालूही असाच झालेला असतो. खिशात नाहीतर पोराच्या मुठीत दोन्ही कळा एकदम दाबल्या जातात.

तसं करून थांबला नाही, तर सेटिंग्जमधूनच बंद करावा लागेल. पण टॉकबॅक चालू असताना फोनची रीत बदलते, ती ध्यानात घ्या. एकदा बोट लावलं की तो नुसतं वाचतो. तीच गोष्ट उघडायची तर बोट लावल्यावर लगेच दोनदा टकटक करायचं. यादी सरकवायची तर एका बोटानं नाही, दोन बोटांनी. या रीतीनं सेटिंग्ज उघडा, त्यात ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक, आणि समोरचं बटण बंद. तिथंच शॉर्टकट असं लिहिलेलं असतं. तोही बंद केला की दोन कळांनी पुन्हा चालू होणार नाही.

घरात कुणाची नजर अधू असेल आणि तो फोन त्यांचा असेल, तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय हे बंद करू नका.

उपाय पाचवा : भोक साफ करणे

फोन बंद करा. कोरड्या मऊ ब्रशनं किंवा कान कोरायच्या कापसाच्या काडीनं भोक अलगद पुसा. सुई, पिन किंवा बाभळीचा काटा घालू नका, आतली पट्टी वाकते. ओल गेली असेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. इअरफोन दुसऱ्याच्या फोनला लावून बघा. तिथंही तोच त्रास झाला, तर इअरफोनच खराब आहे.

माइकची परवानगी

आणखी एक तपासणी करा. बॅटरीचं, वॉलपेपरचं, खेळाचं ॲप घेताना आपण "हो, हो" करत जातो, आणि त्यांना माइक वापरायची परवानगी देऊन बसतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी आणि त्यात परमिशन मॅनेजर उघडा, मायक्रोफोनवर बोट लावा. कोणाकोणाला परवानगी आहे, त्याची यादी दिसेल. व्हॉट्सॲपला ती लागते, कारण त्यावर आपण बोलतो. पण टॉर्चच्या ॲपला माइक कशाला हवा? अशांची परवानगी काढून टाका. २०२१ साली आलेल्या अँड्रॉइड १२ पासून एक चांगली सोय आहे. कोणतंही ॲप माइक वापरत असलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आपण बोलत नसताना ती दिसली, तर चौकशी करा.

काय ठेवावं?

तण काढताना पीक उपटायचं नसतं. ज्यांना लिहिणं जमत नाही, किंवा हात चिखलाचे आहेत, त्यांना आवाजाची सोय वरदान आहे. लिहायच्या पट्टीवर माइकचं जे चित्र असतं ते दाबून मराठीत बोललं, की अक्षरं आपोआप उमटतात. हाक बंद केली तरी हे चालूच राहतं. आपण बोलावलं तर यावं आणि न बोलावता येऊ नये, एवढाच आपला हेतू आहे.

फसवणुकीपासून सावध

शेवटचं आणि महत्त्वाचं. फोन दुरुस्त करण्यासाठी इंटरनेटवर "कस्टमर केअर" म्हणून जो नंबर दिसेल, त्याला फोन लावू नका. असे खोटे नंबर चोर टाकून ठेवतात. समोरचा माणूस म्हणतो, "एक ॲप घ्या, मी इथूनच दुरुस्त करतो." त्या ॲपमधून त्याला तुमचा पडदा दिसतो, ओटीपी दिसतो आणि खातं रिकामं होतं. मदत हवी असेल तर शिकलेल्या मुलाला, मुलीला किंवा ओळखीच्या दुकानदाराला विचारा आणि दुरुस्ती आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर कळवा आणि बँकेलाही सांगा. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आज रात्री जेवण झाल्यावर फोन हातात घ्या आणि एवढी तपासणी करून टाका. शेजाऱ्यालाही सांगा. माझं बोलणं इथं संपवतो. नमस्कार.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मोटरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडा, फ्यूज खिशात ठेवा.
२. गुगल ॲपमधून "हे गुगल" ही हाक बंद करा. कुलूप असताना उत्तर देणंही बंद करा.
३. चालू-बंदच्या कळेला पॉवर मेनू लावा.
४. फोन वाचून दाखवू लागला, तर आवाजाच्या दोन्ही कळा ३ सेकंद धरा.
५. इअरफोनचं भोक कोरडं आणि स्वच्छ ठेवा. आत पिन घालू नका.
६. नको त्या ॲपची माइकची परवानगी काढा.
७. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतंही ॲप घेऊ नका. ओटीपी कुणालाही सांगू नका.