दुरुस्तीची घाई



विषय जुन्या संगणकांच्या डिस्कचा आहे. पण आरंभ आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या एका स्नेह्यांनी वडिलांची जुनी पत्रे स्कॅन करून विंडोज 98 च्या संगणकात ठेवली होती. शिवाय घरच्या समारंभांचे व्हिडिओ होते. जागा पुरेना, म्हणून 160 गिगाबाइटची डिस्क बसविली. कित्येक महिने सारे सुरळीत चालले. डिस्क भरत आली आणि एके दिवशी फायलींची नावे भलत्याच अक्षरांत दिसू लागली. आम्ही जाणते म्हणून आम्हांला बोलावणे आले. आम्ही तत्काळ स्कॅनडिस्क चालविला. त्याने चुका ‘दुरुस्त’ केल्या, आणि उरलीसुरली पत्रेही गेली!

डिस्क मात्र निर्दोष होती. दोष होता तिच्याशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचा. डिस्कवर 512 बाइटांचे कप्पे असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. हा जुना ड्रायव्हर क्रमांक लिहितो तो 28 द्विमान अंकांत. म्हणजे कप्पे झाले 26,84,35,456. जागा सुमारे 137 गिगाबाइट. त्यापुढे काय? खतावणीच्या पानाचा क्रमांक तीनच आकडी लिहिता येणारा कारकून घ्या. हजारावे पान आले की तो 000 लिहितो आणि पहिल्या पानावरच खरडू लागतो. आणि पहिल्या पानांवर असते अनुक्रमणिका! फॅट पद्धतीच्या डिस्कवरही कोणती फाइल कोठे आहे याचा तक्ता आरंभीच असतो. तोच पुसला जातो.

या तक्त्याच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात. पहिली बिघडली तरी दुसरी कामास येऊ शकते. परंतु आम्ही त्याच सदोष ड्रायव्हरकरवी दुरुस्ती करविली आणि दुसरी प्रतही घालविली.

अशा वेळी करावे काय? प्रथम संगणक बंद करावा. डिस्कवर एक अक्षरही लिहू नये. मग ती काढून 48 अंकी क्रमांक जाणणाऱ्या नव्या संगणकाला जोडावी आणि कप्प्यामागून कप्पा अशी पुरी नक्कल घ्यावी. दुरुस्तीचे सारे प्रयोग नकलेवर करावेत, मूळ डिस्कवर नव्हे. जुन्या संगणकात 137 गिगाबाइटच्या आतलीच डिस्क वापरावी. विंडोज एक्सपीच्या 2001 च्या मूळ आवृत्तीतही हीच उणीव होती. 2002 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती दूर झाली.

त्या पत्रांचे कागद वाळवीने आधीच खाल्ले होते. स्नेही आम्हांला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते आम्हांला अधिक लागले. म्हणून सांगतो, रोग कोठे आहे हे कळल्यावाचून औषध देऊ नये, आणि नक्कल घेतल्यावाचून डिस्कला हात लावू नये.