पत्र ट्रंकेत ठेवू नका

माजी सैनिक बंधूंनो, भगिनींनो आणि गावोगावच्या वीरपत्नींनो. मी भूदलात डॉक्टर होते आणि नोकरीची बरीच वर्षं मेडिकल बोर्डावर बसले. आता साताऱ्याकडच्या माजी सैनिकांचे कागद बघून देते. रविवारी सकाळी ओसरीवर माणसं येऊन बसलेली असतात आणि दहांतल्या आठांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, गुडघा नोकरीत गेला, बीपी नोकरीत लागलं, आणि रेकॉर्ड ऑफिस म्हणतं नोकरीशी संबंध नाही. आता काय करायचं?"

मी विचारते, पत्र कधी आलं? "झाली असतील सहा-सात वर्षं." कुठं आहे पत्र? "ट्रंकेत."

ती ट्रंक तुमच्याही घरी आहे. काळी, लोखंडी, पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण लिहिलेली. तिच्यात मेडल असतात, गणवेश असतो, डिस्चार्ज बुक असतं. आणि सगळ्यात खाली इंग्रजीतलं ते पत्र असतं. आज मी बरंच काही सांगणार आहे, पण लक्षात एकच ठेवलंत तरी चालेल. नकाराचं पत्र ट्रंकेत ठेवू नका.

आधी डिसेबिलिटी पेन्शनचं गणित समजून घ्या. नोकरीत लागलेलं दुखणं नोकरीमुळं झालेलं असावं, किंवा नोकरीमुळं बळावलेलं असावं. झालेलं किंवा बळावलेलं, दोन्हींतलं एक पुरे. दुसरी अट, बोर्डानं अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त ठरवलेलं असावं. घरी येण्याआधी रिलीज मेडिकल बोर्ड होतो. डॉक्टर तुम्हाला तपासतात आणि फॉर्मवर दोन गोष्टी लिहितात. टक्के किती, आणि दुखण्याचा सेवेशी संबंध आहे की नाही. त्या दुसऱ्या रकान्यात दोन्हीकडं 'नाही' पडलं की फौजेत त्याला 'नाना' म्हणतात. टक्के मिळाले तरी त्या 'नाना'मुळं पैसे अडतात.

आता पैशांचं बघू. पेन्शनसाठी धरला जाणारा शेवटचा पगार ४०,००० रुपये समजा. १०० टक्के अपंगत्वाला त्याचे ३० टक्के, म्हणजे महिना १२,०००. बोर्डानं २० टक्के दिले तर हिशेबानं २,४०० होतात. पण १९९६ पासून राउंडिंगचा नियम आहे. ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि त्याच्या वर १००. म्हणजे २,४०० चे ६,००० झाले, वर महागाईची वाढ वेगळी. पूर्वी हे फक्त बोर्ड आउट होऊन, म्हणजे दुखण्यामुळं मुदतीआधी, घरी आलेल्यांना मिळायचं. १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोकरी पूर्ण करून आलेल्यालाही ते द्या. २१ सप्टेंबर २०२३ नंतर जे निवृत्त झाले त्यांना नवे नियम लागतात, त्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांनी माझ्या आकड्यांवर जाऊ नये, आपले कागद दाखवून विचारावं.

आता त्या पत्राकडं येऊ. त्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असतं. हा आजार लष्करी सेवेमुळं झालेला नाही आणि सेवेमुळं बळावलेलाही नाही. कधी पुढं जोडलेलं असतं, पीस स्टेशनला असताना सुरू झाला. आपला जवान ते वाचतो, किंवा पोराकडून वाचून घेतो, आणि म्हणतो, सरकारनं नाही म्हटलं, संपलं.

संपलं कसं? त्याच पत्राच्या शेवटी लिहिलेलं असतं की नाराज असाल तर ६ महिन्यांत अपील करा. ती ओळ कुणी वाचतच नाही. पहिलं अपील ६ महिन्यांच्या आत. ते फेटाळलं तर दुसरं अपील, तेही ६ महिन्यांच्या आत. तिथंही नाही म्हटलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, ज्याला आपण एएफटी म्हणतो. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. या प्रत्येक दारावर तारीख लिहिलेली आहे. ती तारीख ट्रंकेत पडून राहते आणि तुम्ही दर महिन्याला पैसे गमावता.

धरमवीर सिंग यांचं नाव ऐकलंय का? सिग्नल कोअरचा हा जवान १९८५ मध्ये भरती झाला. भरतीच्या वेळी धडधाकट होता. पुढं फिट येऊ लागल्या आणि १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्व देऊन त्याला घरी पाठवलं. पेन्शन नाकारलं, कारण आजाराचा सेवेशी संबंध नाही. तो लढत राहिला, आणि २ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. कोर्ट म्हणालं, भरती करताना तुम्हीच त्याला तपासून घेतलंत. तेव्हा कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच लागला असं धरायचं. संबंध नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर, जवानावर नाही. आणि बोर्डानं नुसतं 'नाही' लिहून चालणार नाही, कारण द्यावं लागेल. आज तुमच्यापैकी कितीतरी जणांची अपिलं या निकालाच्या आधारावर उभी राहतात. १९९४ ते २०१३, एकोणीस वर्षं. त्यानं पत्र ट्रंकेत ठेवलं असतं तर?

मी बोर्डावर होते, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. बोर्डाच्या दिवशी मी जवानाला विचारायचे, काय त्रास होतो? तो उभ्याउभ्या म्हणायचा, "काही नाही मॅडम, ठीक आहे." कंबर वाकत नसायची, तरी ठीक आहे! उलट बोलायचं नाही, कुरकुर करायची नाही, हे अंगात इतकं मुरलेलं असतं की निवृत्त झाल्यावरसुद्धा अपील करणं म्हणजे वरिष्ठांपुढं आवाज चढवणं वाटतं. अहो, अपील ही बेशिस्त नाही. ती वाट सरकारनंच आखून दिलेली आहे. सियाचीनला न विचारता चढून गेलात, आणि एक अर्ज करताना पाय कसले अडखळतात? रागावते आहे मी, हो. मागच्या वर्षी एक विधवा बाई माझ्याकडं आली. नवरा गेल्यावर ट्रंक उपसली तेव्हा तिला ते पत्र सापडलं. पत्र नऊ वर्षांपूर्वीचं. त्याला धड चालता येत नव्हतं आणि ती चार घरची भांडी घासत होती. त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिचा अर्ज आम्ही लिहिला, अजून निकाल यायचा आहे. पण ती नऊ वर्षं मी कुठून आणू?

उशीर झालाय म्हणून घरी बसू नका, हेही सांगते. पेन्शन दर महिन्याचा हक्क आहे, म्हणून उशिरानंही दाद मागता येते. पण २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात कोर्टानं थकबाकी ३ वर्षांपुरती मर्यादित केली. म्हणजे उशिरा जाणाऱ्याला दार उघडतं, पण मागची वर्षं बहुधा हातून जातात. म्हणून म्हणते, आज.

प्रत्येकाला मिळेलच असं मी म्हणत नाही. आणि नसलेलं दुखणं सांगू नका. एका खोट्या दाव्यामुळं दहा खऱ्यांकडं संशयानं बघितलं जातं.

कागद कोणते हवेत? डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत आणि जखम झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट. बोर्डाची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करून मागा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. थकबाकीतले टक्के मागणाऱ्या दलालाला दारातूनच वाटेला लावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तुमच्यासाठीच आहे, तिथं मदतीला पैसे पडत नाहीत.

जे अजून नोकरीत आहेत आणि सुट्टीवर घरी बसून हे ऐकताहेत, त्यांच्यासाठी. प्रमोशन अडेल, लो मेडिकल कॅटेगरी लागेल, म्हणून दुखणं लपवू नका. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, नोंद नसलेलं दुखणं बोर्डापुढं नसल्यातच जमा असतं.

औषधपाण्याचं थोडक्यात. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीतलं हॉस्पिटल, हा क्रम मोडू नका. छातीत कळ आली, अपघात झाला, तर जवळचं हॉस्पिटल गाठा, पण ते यादीबाहेरचं असेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. कळवायचं काम मुलाचं की सुनेचं, हे आजच ठरवा. हात-पाय गमावलेल्यांसाठी पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करतंय, आणि कण्याला इजा झालेल्यांसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. पेन्शन चालू राहावं म्हणून हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत द्या. 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलचा ओटीपी फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

आता वहिनी, तुमच्याशी बोलते. पीपीओवर तुमचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, ते बघा. जुळत नसेल तर धनी हयात असतानाच दुरुस्त करून घ्या. आणि आज रात्री जेवणं उरकली की ट्रंक उघडायला लावा. ते नको म्हणतील, काही नाही त्यात, म्हणतील. ऐकू नका. तळाशी हात घाला. इंग्रजी पत्र सापडलं तर त्यावरची तारीख वाचा आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवा. सकाळी पहिल्या एसटीनं दोघं मिळून सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि तिथं साहेबांनी विचारलं, काय त्रास होतो, तर धन्यांना "ठीक आहे" म्हणू देऊ नका. रात्री त्यांच्या गुडघ्याला तेल तुम्ही लावता. तुम्ही सांगा.